एक काना

मनामाच्या कोर्टात माझं काम एवढंच :
इकडचं तिकडे न्यायचं, वाटेत सांडू द्यायचं नाही.
बाणकोटच्या शाळेतली मराठी,
सव्वीस वर्षांत इथे मुरलेली अरबी,
आणि पर्समध्ये आल्याच्या वड्या, घसा बसतो म्हणून.

आज प्रणीत घडशी. वय चोवीस, गाव तुरळ.
हिद्दच्या गोदीत जहाजांच्या पोटात शिरून गंज खरवडतो.
ताठ उभं राहता येत नाही तिथे.
खोलीतल्या कुणीतरी पहिली गोळी दिली, पाठीसाठी,
फुकट.
दुसरीही फुकट.
मग पाठीचं दुखणं गेलं, गोळी राहिली.
मग दुखणं परत आलं
आणि गोळीला पैसे पडू लागले.

सापडल्या त्या नऊ. आईच्या मिसरीच्या डबीत.
मिसरी म्हटल्यावर कारकुनाने लिहिलं : इजिप्तची डबी.
मग मी दात घासून दाखवले, भर कोर्टात, बोटाने.
चार मिनिटं गेली त्यात.
त्या दिवशी प्रणीतसाठी खर्च झालेला
सगळ्यात जास्त वेळ तोच.

त्याच्या आधी एक इथलाच मुलगा होता.
त्याच्याकडेही नऊच, नाहीतर दहा असतील.
त्याचे वडील पहिल्या रांगेत, उदाचा वास येत होता त्यांना.
इस्पितळात ठेवा, म्हणाले, जबाबदारी माझी.
काजींनी मान डोलावली.
मला राग आला नाही, खरंच सांगते.
तो पोरगाही थरथरत होता,
त्याच्याही नाकातून पाणी गळत होतं.
एकाला तरी खाट मिळाली.

मग काजींनी विचारलं, याच्यासाठी कोण आलंय?
मी विचारलं.
प्रणीतने मागे वळून पाहिलं, नीट, एकेक बाक.
"पाठीशी कोण नाय वो मॅडम," म्हणाला.
"पाठच दुखते."

मी तसंच पलीकडे दिलं.
अरबीतही पाठ म्हणजे पाठ, आणि पाठबळही.
असं क्वचित होतं, की वाक्य
एकही टाका न उसवता पार जातं.
काजींनी ते ऐकलं. घड्याळ पाहिलं. वाईट माणूस नाही तो,
त्यांच्या हाताखालच्या शिपायाच्या बायकोचं ऑपरेशन
त्यांनीच करवलं, असं म्हणतात.

सहा महिने. नंतर विमान.

इलाज हा शब्द मला भाषांतरावा लागत नाही,
आपण तो यांच्याकडूनच आणला.
पुढे त्याला ना जोडला आपण,
आणि हात झटकायला एक शब्द तयार केला.
काजी जे लांबलचक म्हणाले, कलमं घेऊन,
ते मी प्रणीतला एका शब्दात सांगितलं :
नाइलाज.
ते माझ्या कामात बसत नाही. पण सांगितलं.

हकीम आणि हाकीम.
एक नाडी धरतो, एक मनगट.
मधे फक्त एक काना. यांच्या लिपीत अलिफ.
दोन्हीकडे उभी रेघ,
गजासारखी.

जिन्याजवळ बेडी घालताना तो म्हणाला,
"आत डॉक्टर असतो का वो?"
मी म्हटलं, असतो.
"मंग त्याला सांगा ना. तुमी सांगितलं तर कळेल त्याला."
पोलिसाने मला विचारलं, काय म्हणतोय?
काम संपलं होतं माझं. पावतीवर सही झाली होती.
मी सांगितलं तरीही,
पाठीपासून सुरू करून, डबीसकट,
आणि पोलीस, विशीतलाच असेल,
ऐकता ऐकता हळूहळू
स्वतःची कंबर चोळू लागला.

लिफ्ट आली.
ते तिघं आत गेले.
डबी पुराव्याच्या पाकिटात राहिली. आईला काय सांगायचं,
ते त्याने मला विचारलं नाही,
मीही नाही.